वाचकांचे प्रश्न : गोठलेल्या रानातला कर्ब

मागील अंकातील टुंड्रा प्रदेशावरच्या लेखात एक विधान होते : उत्तर ध्रुवाभोवतीच्या कायम गोठलेल्या जमिनीत, म्हणजेच पर्माफ्रॉस्टमध्ये, वातावरणात आहे त्याच्या दीडपट ते दुप्पट कार्बन, म्हणजेच कर्ब, साठलेला आहे. लेखात इतरही बरेच काही होते, पण आलेल्या पत्रांपैकी बहुतेक या एका वाक्याला धरून आहेत. काहींना ते खरे वाटले नाही, काहींना ते वाचून धास्ती वाटली, आणि एका वाचकाने हिशेब मांडून खुलासा मागितला आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून उत्तरे देत आहे.

प्रश्न : पर्माफ्रॉस्ट म्हणजे हिमनदीसारखा बर्फच ना? आणि त्याला मराठी शब्द नाही का? (एक शिक्षिका, चिपळूण)

उत्तर : पर्माफ्रॉस्ट म्हणजे बर्फ नव्हे, जमीन. सलग दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ जिचे तापमान शून्य अंश सेल्सियसच्या वर गेलेले नाही अशी कोणतीही जमीन, मग ती माती असो, वाळू असो की कातळ, या व्याख्येत बसते. तीत पाणी असलेच पाहिजे असेही नाही. उत्तर गोलार्धातील सुमारे १५ टक्के जमिनीखाली हा थर आहे. दर उन्हाळ्यात वरची वीतभर ते पुरुषभर माती मोकळी होते आणि हिवाळ्यात पुन्हा गोठते. या वरच्या थराला सक्रिय थर म्हणतात, आणि झाडाझुडपांच्या मुळांचा सगळा संसार त्यातच चालतो. त्याखालचा गोठलेला थर किती खोल जातो याची कल्पना एका विहिरीवरून येईल. सैबेरियातील याकुत्स्क शहरी फ्योदोर शेर्गिन नावाच्या व्यापाऱ्याने १८२८ साली पाण्यासाठी विहीर खणायला घेतली. १८३७ पर्यंत ती ११६ मीटर, म्हणजे सुमारे ३८० फूट खोल गेली, पाणी लागले नाही, आणि जिथे काम थांबले तिथली मातीही गोठलेलीच होती. पुढे १८४४ मध्ये मिडेनडॉर्फ या शास्त्रज्ञाने त्या कोरड्या विहिरीत उतरत जाऊन ठिकठिकाणचे तापमान मोजले, आणि ती फसलेली विहीर विज्ञानाच्या कामी आली.

शब्दाचे म्हणाल तर ‘चिरगोठित भूमी’ असा शब्द घडवता येईल, पण मी रुळलेलाच शब्द वापरतो. मला खरी अडचण क्रियापदाची वाटते. ‘पर्माफ्रॉस्ट वितळतो’ असे वर्तमानपत्रांत छापले जाते, परंतु वितळतो तो मातीतला बर्फ. माती जागेवरच राहते आणि फक्त तिचा बर्फ सुटतो. फ्रीजरमधली मासळी काढून ओट्यावर ठेवली तर तिचाही बर्फच सुटतो, मासळी वितळत नाही; आणि बर्फ सुटल्यावर तिच्यात काय सुरू होते हे चिपळूणच्या वाचकांना मी सांगायला नको. आपल्या पुढच्या सगळ्या प्रश्नांचा विषय तोच आहे.

प्रश्न : माझ्या काळ्या रानाच्या माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब ०.४ टक्के निघाला. ट्रॉल्या भरभरून शेणखत टाकले तरी तो वर सरकत नाही. त्या प्रदेशात तर वर्षातले दोन-तीन महिने हिरवे दिसणार. मग तिथल्या मातीत एवढा कर्ब आला कुठून? (एक शेतकरी, जिल्हा सांगली)

उत्तर : उत्तराची अर्धी बाजू आपल्याच पत्रात आहे. मातीतला कर्ब किती राहील हे केवळ किती पिकते यावर ठरत नाही, तर पिकलेल्यातले किती कुजून जाते यावरही ठरते. आपल्या रानात ऊन आहे, ओल आहे, नांगरटीने हवा खेळती राहते. अशा मातीत सूक्ष्मजीवांची चंगळ असते, आणि आपण टाकलेल्या शेणखतातला बराचसा कर्ब ते काही महिन्यांत फस्त करून कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने हवेत सोडून देतात. टुंड्रात मिळकत तुटपुंजी आहे हे खरेच, पण खर्च जवळजवळ शून्य आहे, आणि ही शिल्लक हजारो वर्षे साचत गेली आहे.

ती साचण्याच्या वाटा तीन आहेत. पहिली दलदलीची : पाण्याखाली शेवाळ आणि लव्हाळे वर्षानुवर्षे अर्धवट कुजत एकावर एक बसतात आणि त्यांचा पीट नावाचा काळपट, स्पंजासारखा थर तयार होतो, जो खालून गोठत जातो. दुसरी वाट मातीच्या घुसळणीची आहे. शरद ऋतूत सक्रिय थर वरून गोठू लागतो आणि खालूनही, कारण खाली पर्माफ्रॉस्ट असतोच. या दोन गोठलेल्या थरांच्या मध्ये सापडलेली ओली माती दाबली जाते आणि वाट मिळेल तिकडे सरकते. हे हजारो हिवाळे चालले की पृष्ठभागावरचा पालापाचोळा खोल गाडला जातो. अशी जमीन उभी कापली तर करड्या मातीत काळ्या वळ्या आणि पट्टे दिसतात, ओबडधोबड मळलेल्या दोन रंगांच्या कणकेसारखे.

तिसरी वाट सर्वांत विलक्षण आहे. गेल्या हिमयुगात उत्तर सैबेरिया आणि अलास्काचा मोठा भाग हिमस्तरांखाली गेलाच नव्हता, कारण तिथली हवा फार कोरडी होती. त्या विस्तीर्ण गवताळ माळावर मॅमथ, रानगवे आणि घोडे चरत होते, आणि वाऱ्याने व नद्यांनी आणलेला बारीक गाळ दरवर्षी थोडाथोडा त्या गवतावर बसत होता. जमिनीचा पृष्ठभाग जसा वर चढला तशी गोठणरेषाही वर सरकली, आणि गवताची मुळे कुजण्याआधीच गोठणरेषेच्या खाली जाऊन तशीच्या तशी राहिली. अशा रीतीने कित्येक दहा मीटर जाडीचे थर बनले; त्यांना यदोमा म्हणतात. यदोमातील मातीत साधारण ३ टक्के सेंद्रिय कर्ब भरतो, आणि तोही नुसत्या वरच्या वीतभर थरात नव्हे, तर पार तळापर्यंत. आपल्या ०.४ टक्क्यांशी ताडून पाहिले तर फरक ध्यानात येईल. शिवाय यदोमात बर्फाच्या प्रचंड पाचरी असतात : कडाक्याच्या थंडीत जमिनीला भेग पडते, वसंतात तीत बर्फाचे पाणी उतरून गोठते, पुढच्या हिवाळ्यात भेग नेमकी तिथेच पडते, आणि हजारो वर्षांत ही पाचर काही मीटर रुंद होते. काही ठिकाणी यदोमाच्या एकूण आकारमानात निम्म्याहून अधिक बर्फच असतो. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिचा संबंध येणार आहे.

ईशान्य सैबेरियात कोलिमा नदीच्या काठी दुव्हान्नी यार नावाचा कडा आहे. नदी तो खालून पोखरते, मग ओल्या करड्या मातीच्या दरडी कोसळतात, पायथ्याशी मॅमथची हाडे उघडी पडतात, आणि कड्यातून लोंबणारी बारीक मुळे हिमयुगातली असूनही कालची वाटावीत अशी शाबूत असतात. कोलिमाच्या या भागातच, जमिनीखाली सुमारे ३८ मीटरवर, खारींनी बिळात साठवलेली फळे रशियन शास्त्रज्ञांना मिळाली. त्या फळांच्या पेशींपासून त्यांनी रोपे वाढवली, रोपांना फुले आली, आणि २०१२ साली ते संशोधन प्रसिद्ध झाले. फळांचे वय सुमारे ३२,००० वर्षे भरले. मुळे आणि फळे जिथे इतकी टिकतात तिथे कर्ब टिकतो यात नवल नाही.

सगळ्या वाटांनी साचलेला एकूण साठा १,३०० ते १,६०० अब्ज टन कार्बन इतका धरला जातो. त्यातला सुमारे १,००० अब्ज टन वरच्या ३ मीटरमध्ये आहे. आजच्या वातावरणात सुमारे ९०० अब्ज टन आहे.

प्रश्न : बर्फ सुटल्यावर बाहेर काय पडते, कार्बन डायऑक्साइड की मिथेन? दोन्ही नावे वाचनात येतात आणि घोटाळा होतो. शिवाय मिथेन अधिक तापवणारा का धरतात? (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, नांदेड)

उत्तर : घोटाळा होणे साहजिक आहे, कारण बाहेर दोन्ही पडतात, आणि कोणता किती हे पाणी ठरवते.

आपल्याकडच्या गोठ्यामागे याचे उत्तर सहज सापडते. तेच शेण खतखड्ड्यात टाकून अधूनमधून वरखाली केले, हवा लागू दिली, तर त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो, खड्डा गरम होतो आणि काही महिन्यांत भुसभुशीत खत मिळते. तेच शेण पाण्यात कालवून गोबर गॅसच्या बंद टाकीत सोडले तर हवेशिवाय जगणारे दुसऱ्या जातकुळीचे सूक्ष्मजीव कामाला लागतात आणि शेगडीवर जळणारा वायू तयार होतो. त्यात निम्म्याहून थोडा अधिक मिथेन असतो आणि उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइडच. म्हणजे हवा असेल तर एक वायू, हवा नसेल तर दोन. टुंड्राच्या मातीत हेच दोन उद्योग शेजारी-शेजारी चालतात. उतारावरची जमीन मोकळी झाली की पाणी निथळून जाते, मातीत हवा शिरते आणि खतखड्डा सुरू होतो. सखल जागी, विशेषतः यदोमात, बर्फाच्या पाचरी वितळल्या की त्यांची जागा रिकामी होऊन जमीन खचते, खळग्यात पाणी साचते, तळे होते, आणि त्या तळ्याच्या तळाशी गोबर गॅसची टाकी चालू होते.

यातला कोणता उद्योग अधिक हानिकारक, या प्रश्नावर बरीच वर्षे वाद झाला. २०१६ साली अनेक प्रयोगशाळांतील प्रयोग एकत्र करून केलेल्या एका अभ्यासात असे आढळले, की हवेशीर मातीतून बाहेर पडणारा कार्बन हवाबंद मातीतून पडणाऱ्या कार्बनच्या ३.४ पट असतो. मिथेनची जादा तापवण्याची शक्ती हिशेबात धरूनही हवेशीर मातीचेच पारडे जड राहते. प्रयोगाची रीत साधी आहे : गोठलेल्या मातीचे नळकांडे कापून आणायचे, तुकडे काचेच्या बाटल्यांत घालायचे, काहींत हवा ठेवायची, काहींत नायट्रोजन भरायचा, आणि ठरावीक दिवसांनी बाटलीतला वायू सुईने काढून मोजायचा. परंतु त्या बाटल्यांनीच पुढे एक धडा दिला. सैबेरियातील लेना नदीच्या मुखाजवळची माती सात वर्षे अशी ठेवून २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा दिसले, की काही हवाबंद बाटल्यांत मिथेन तयार व्हायलाच काही वर्षे लागली, कारण मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांचा विरजणाएवढाही अंश त्या मातीत सुरुवातीला नव्हता. तो एकदा जमल्यावर मात्र मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड जवळजवळ सारख्या प्रमाणात निघू लागले. चार-सहा महिन्यांत आटोपलेल्या प्रयोगांना हे दिसणे शक्य नव्हते. म्हणून ‘मिथेन किरकोळ आहे’ असे कोणी ठासून सांगितले, तर बाटल्या किती दिवस ठेवल्या होत्या हे आधी विचारावे.

मिथेन अधिक तापवणारा का धरतात, हेही आपण विचारले आहे. १०० वर्षांचा हिशेब केला तर एक टन मिथेन सुमारे २७ टन कार्बन डायऑक्साइडइतके तापवतो. २० वर्षांचाच केला तर सुमारे ८० टनांइतके. हा फरक पडतो कारण मिथेन हवेत सरासरी १२ वर्षेच टिकतो, तर कार्बन डायऑक्साइडचा काही भाग हजारो वर्षे राहतो.

तळाशी तयार झालेला सगळा मिथेन वर येतोच असे नाही. वरच्या हवेशीर मातीत मिथेन खाणारे सूक्ष्मजीव असतात आणि झिरपत येणाऱ्या वायूचा बराच भाग ते संपवतात. त्यांना चुकवण्याच्या दोन वाटा आहेत. एक बुडबुड्यांची, जी तळ्यातून थेट वर येते. दुसरी लव्हाळ्यांच्या पोकळ देठांची : चिखलातल्या मुळांना हवा पोहोचावी म्हणून त्यांच्या आत नळ्या असतात आणि त्याच नळ्यांतून उलट दिशेने मिथेन बाहेर येतो. कोकणातल्या पाणी तुंबलेल्या भातखाचरांतूनही मिथेन याच वाटेने हवेत जातो, तिथे लव्हाळ्याच्या जागी भाताचे रोप असते एवढेच.

तिसरा वायू नायट्रस ऑक्साइड. टुंड्रात जिथे पीटवर झाडोरा नाही अशा उघड्या काळ्या चकत्यांतून तो लक्षात येण्याइतका निघतो, हे २००९ पासून माहीत आहे. त्याच्याकडे अजून म्हणावे तितके लक्ष गेलेले नाही.

प्रश्न : ‘आर्क्टिकचा मिथेन बॉम्ब’ फुटला तर सगळे संपणार, अशा चित्रफिती सध्या फिरत आहेत. सैबेरियात जमिनीला पडलेली प्रचंड भोकेही त्यांत दाखवतात. शिवाय माणूस वर्षाला किती कार्बन सोडतो याचे आकडे कुठे १० अब्ज टन, तर कुठे ३७ अब्ज टन दिसतात. नेमके काय मानायचे? (दोन वाचक, पुणे आणि नागपूर)

उत्तर : आकड्यांचा गुंता आधी सोडवू. दोन्ही आकडे बरोबर आहेत. कार्बनच्या १२ ग्रॅमला ३२ ग्रॅम ऑक्सिजन जोडला की ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होतो. म्हणून १० अब्ज टन कार्बन आणि सुमारे ३७ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड हे एकच माप आहे. मातीचे शास्त्रज्ञ कार्बनमध्ये बोलतात आणि धोरणकर्ते कार्बन डायऑक्साइडमध्ये. नागपूरच्या वाचकांनी आमच्या लेखातही हे एकक स्पष्ट नव्हते असे दाखवून दिले आहे. ती चूक मान्य आहे. या उत्तरांत साठ्याचे आणि गळतीचे आकडे सर्वत्र कार्बनच्याच मापात आहेत.

आता बॉम्ब. यामाल द्वीपकल्पावर २०१४ साली जे गोल विवर आढळले ते खरे आहे, त्याच्या तळाशी हवेत ९.६ टक्क्यांपर्यंत मिथेन मोजला गेला हेही खरे, आणि तशी विवरे नंतरही सापडली. ती जमिनीखाली कोंडलेल्या वायूच्या दाबाने होतात. परंतु पृथ्वीच्या वातावरणाच्या हिशेबात अशा एका विवरातून गेलेला वायू नगण्य आहे. साठ्याचा मोठा भाग वायूच्या रूपात दबा धरून बसलेला नाहीच. तो मुळे, पाने आणि शेवाळ यांच्या रूपात आहे, आणि सूक्ष्मजीवांनी खाल्ल्याशिवाय त्याचा वायू होत नाही. खाण्याला वेळ लागतो. म्हणून मला ‘बॉम्ब’ हा शब्द दोन्ही बाजूंनी नडणारा वाटतो : तो ऐकून आधी माणसे घाबरतात, आणि मग दहा वर्षांत स्फोट झाला नाही म्हणून सगळेच थोतांड होते असे समजून निवांत होतात. आपल्या परसातल्या टाकीची तोटी गळत असेल, बंद होत नसेल आणि दर वर्षी थोडी अधिक गळत असेल, तर त्याला आपण स्फोट म्हणत नाही. पण टाकी रिकामी होतेच.

गळती किती, याचा आंतरशासकीय हवामानबदल समितीने २०२१ च्या अहवालात दिलेला अंदाज असा : २१०० पर्यंत तापमानवाढीच्या प्रत्येक अंशामागे पर्माफ्रॉस्टमधून सुमारे १८ अब्ज टन कार्बन, कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने, बाहेर पडेल. या अंदाजाची मर्यादा मात्र ३ पासून ४१ पर्यंत आहे. म्हणजे एका अंशाची किंमत माणसाच्या आजच्या जवळपास दोन वर्षांच्या उत्सर्जनाएवढी. हा आकडा ऐकून काहींना हायसे वाटते. मला वाटत नाही, कारण कारखान्याची धुराडी बंद करता येतात, या गळतीला तोटीच नाही. उद्या माणसाचे उत्सर्जन शून्यावर आले तरी सुटलेल्या मातीत सूक्ष्मजीवांचे जेवण चालूच राहील, आणि जो कर्ब जमायला दहा-वीस हजार वर्षे लागली तो परत जमायला तितकाच काळ हवा.

शिवाय ही मर्यादा इतकी रुंद असण्याला कारण आहे. बहुतेक गणिते असे धरून चालतात, की उष्णता वरून हळूहळू खाली उतरेल आणि सक्रिय थर दरवर्षी थोडासा जाड होईल. यदोमात तसे होत नाही. पाचरी वितळल्या की जमीन एकाएकी बसते आणि जे थर शेकडो वर्षे उन्हापासून सुरक्षित राहिले असते ते एका उन्हाळ्यात उघडे पडतात. सैबेरियातील याकुतिया प्रांतात, याना नदीच्या खोऱ्यात बातागाय गावाजवळची प्रसिद्ध घळ याचे ठळक उदाहरण आहे. १९६० च्या दशकात तिथली झाडे तोडली गेली, सावली गेली, चर पडला, आणि आज त्याची सुमारे एक किलोमीटर लांबीची घळ झाली आहे. तिचा उभा कडा दर वर्षी काही मीटर मागे सरकतो आणि उन्हाळ्यात त्यातून चिखलाचे ओघळ सतत वाहताना ऐकू येतात. अशी अचानक खचण्याजोगी जमीन पर्माफ्रॉस्ट प्रदेशाच्या एक-पंचमांशाहून कमी असली, तरी निम्म्या कार्बनवर तिचा परिणाम होऊ शकतो, असा अंदाज २०२० मध्ये मांडला गेला. भीतीच बाळगायची तर ती या चिखलाची बाळगावी, यामालच्या भोकांची नव्हे.

प्रश्न : थंडी कमी झाली की तिथे झाडे वाढतील आणि तीच हा कार्बन शोषून घेतील, असे का धरू नये? (एक निवृत्त वनाधिकारी, चंद्रपूर)

उत्तर : धरावे, पण काही वर्षांपुरते. अलास्कात डेनाली पर्वताच्या उत्तरेला एट माइल लेक नावाची जागा आहे. तिथे टेड शूर या शास्त्रज्ञाच्या गटाने शेजारी-शेजारच्या तीन प्रकारच्या जमिनींची तुलना केली आणि २००९ साली ती प्रसिद्ध केली. जिथला बर्फ नुकताच, गेल्या सुमारे १५ वर्षांत, सुटला होता तिथे जुन्या कार्बनची गळती कमी सुटलेल्या जमिनीपेक्षा ४० टक्के अधिक होती. तरी झाडोरा इतका वाढला होता, की एकूण जमाखर्चात ती जमीन अजून जमेच्या बाजूला होती. जिथला बर्फ अनेक दशकांपूर्वी सुटला होता तिथे जुन्या कार्बनची गळती ७८ टक्के अधिक होती, आणि वाढलेल्या झाडोऱ्यालाही ती भरून काढता येत नव्हती. आपण म्हणता तो काळ खरोखर येतो, आणि मग संपतो.

यात हिवाळ्याचा वाटा मोठा आहे. झाडे सूर्य असेल तेव्हाच शोषतात, सूक्ष्मजीव मात्र अंधारातही खातात. शरदात सक्रिय थराचे वरचे आणि खालचे तोंड गोठते, पण मधली माती कित्येक आठवडे शून्य अंशावरच रेंगाळते, कारण पाणी गोठताना सोडत असलेली उष्णता तिला आणखी थंड होऊ देत नाही. वरून बर्फाची दुलई पडली की हा काळ आणखी लांबतो. २०१९ सालच्या एका व्यापक अभ्यासात पर्माफ्रॉस्ट प्रदेशातून हिवाळ्यात निघणारा कार्बन वर्षाला सुमारे १.७ अब्ज टन, तर वाढीच्या ऋतूत झाडांनी शोषलेला सुमारे १ अब्ज टन असा अंदाज निघाला. त्यात वणवे आले. अमेरिकेच्या समुद्र व वातावरण प्रशासनाच्या २०२४ च्या आर्क्टिक अहवालाने वणवे जमेस धरून असे म्हटले आहे, की हजारो वर्षे कार्बन साठवणारा टुंड्रा आता कार्बन सोडणारा झाला आहे.

प्रश्न : आपल्या हिमालयात पर्माफ्रॉस्ट आहे का? (एक गिर्यारोहक, ठाणे)

उत्तर : आहे, लडाखच्या उंच भागात तो आहे, आणि तिबेटच्या पठारावर तर १० लाख चौरस किलोमीटरच्या आसपास. लडाखची जमीन कोरडी आणि विरळ झाडोऱ्याची असल्याने तिच्यात कर्ब थोडा आहे. तिथे बर्फ सुटल्याचा मोठा धोका उतार ढासळण्याचा आहे, वायूंचा नव्हे. गोव्यात वास्को येथे असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राचे ‘हिमाद्री’ हे ठाणे २००८ पासून नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर न्यू-ओलेसुंद येथे आहे, आणि ते मात्र खऱ्या आर्क्टिक पर्माफ्रॉस्टवरच उभे आहे.

प्रश्न : बाहेर आलेला वायू हजारो वर्षांपूर्वीच्या मातीतलाच आहे, कालच कुजलेल्या गवताचा नाही, हे ओळखतात कसे? (एक वाचिका, बेळगाव)

उत्तर : आधी तो धरावा लागतो, आणि धरण्याची युक्ती जुनीच आहे. १७७६ साली व्होल्टा या इटालियन शास्त्रज्ञाने इटलीतील माज्जोरे सरोवराच्या काठचा चिखल काठीने ढवळला, वर आलेले बुडबुडे पाण्याने भरलेल्या उलट्या बाटलीत धरले आणि पेटवून पाहिले. मिथेनची ओळख अशी झाली. केटी वॉल्टर या शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलिमाच्या खोऱ्यातील चेर्स्कीजवळच्या तळ्यांवर जे केले ते फार वेगळे नव्हते. पाण्याखाली प्लॅस्टिकची उलटी छत्री, तिच्या टोकाला बाटली, आणि बाटलीत किती वायू जमला याची नोंद. पण छत्र्या नेमक्या कुठे लावायच्या हे त्यांना हिवाळ्याच्या सुरुवातीने सांगितले : तळ्यावर पहिला काचेसारखा स्वच्छ बर्फ धरतो तेव्हा खालून येणारे बुडबुडे त्यात अडकतात आणि पांढऱ्या चकत्यांची चवड दिसते. काही जागी बुडबुडे इतक्या जोराने येतात, की तिथे बर्फच धरत नाही. काळे भोक उघडे राहते.

वय ठरते ते किरणोत्सारी कार्बन-१४ वरून. जिवंत झाड हवेतून तो घेत राहते, मेल्यावर घेणे थांबते आणि असलेला दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो. ४०,००० वर्षांत अशी सात अर्धायुष्ये उलटतात आणि मूळच्या एक टक्क्याहूनही कमी उरतो. याउलट १९५० आणि ६० च्या दशकांतील अणुचाचण्यांनी हवेत कार्बन-१४ वाढवला होता, त्यामुळे त्यानंतर उगवलेल्या गवताचा कार्बन लगेच वेगळा ओळखू येतो. त्या तळ्यांच्या काठालगत सर्वांत जोराने येणाऱ्या बुडबुड्यांतील मिथेनचे वय ३५,२६० ते ४२,९०० वर्षे निघाले, आणि ते संशोधन २००६ साली प्रसिद्ध झाले. त्याच अभ्यासात १९७४ ते २००० या काळात तळी पसरल्यामुळे त्या भागातील मिथेन ५८ टक्क्यांनी वाढल्याचा अंदाज आहे. जुना वायू तळ्याच्या मध्यापेक्षा काठाशी अधिक सापडतो, कारण तळे कडेने यदोमा पोखरत पुढे सरकत असते आणि ताजी सुटलेली माती तिथेच पाण्यात पडत असते. काठावरची लार्चची झाडे पाण्याकडे झुकलेली दिसली, की छत्री त्यांच्याखाली लावायची.